कुंदाची परवानगी

३ नोव्हेंबर, सोमवार
रक्ताचा रिपोर्ट आला. डोक्यात ते अल्झायमरवालं प्रथिन साचून राहिलं आहे. म्हणजे कुंदाचा विसरभोळेपणा नाही, बीमारीच आहे. दोन वर्षं मी म्हणत होतो, वय झालं बायकोचं. गाढव मी.

एक वाट आहे. याच दवाखान्यात नव्या औषधाचा अभ्यास सुरू होऊन राहिला. महिन्यातून एकदा सलाईनमधून देतात, साचलेलं साफ करते म्हणे. बरं करत नाही. घसरण धीमी करते, तीही सगळ्यांची नाही. निम्म्या लोकांले खरं औषध, निम्म्यांले नुसतं पाणी, अन् कोणाले काय ते डॉक्टरलेही माहीत नसते. मेंदूत सूज येऊ शकते, रक्त उतरू शकते. डॉक्टर मॅडमनं दोनदा समजावलं. मी एकदाच ऐकलं.

अट अशी की बीमारी सुरुवातीचीच पाहिजे. स्मरणाच्या परीक्षेत तीसपैकी बावीसच्या खाली मार्क गेले तर घेत नाहीत. कुं.ले आज बरोबर बावीस. पक्की परीक्षा तीन आठवड्यांनी, २४ ले.

५ नोव्हें.
चहा झाल्यावर शिकवणी सुरू. तीस वर्षं रेल्वेच्या ट्रेनिंग स्कूलात सिग्नलवाल्यांकडून खात्याच्या परीक्षेसाठी घोटवून घेतलं. ढ मधले ढ पास झाले माझ्या हाताखालून. बायको काहून नाही होणार?

तारीख, वार, शहर, दवाखान्याचा मजला. शंभरातून सात-सात वजा. घड्याळ काढणे. त्या दिवशी डॉक्टरच्या टेबलावर परीक्षेचा कागद होता, समोरून उलटा वाचून ठेवला होता मी.

कुं. म्हणे, मी काय पहिलीतली पोट्टी आहो का? पण बसली.

९ नोव्हें.
९३, ८६, ७९, ७२, ६५. पाढ्यासारखं पाठ झालं! मी खूश. तेवढ्यात वास आला. भात करपून कोळसा, अन् बाजूची शेगडी रिकामीच जळून राहिली होती. तिले विचारलं तर म्हणे, मी भात लावलाच नाही.
खिडक्या उघडल्या. मग वार विचारला. बरोबर सांगितला.

१२ नोव्हें.
सदर बाजार. तिले ब्लाऊजपीस घ्यायचा होता. कापड तर असं पारखलं बाप्पा, दुकानदार स्वतःच वरचे गठ्ठे काढू लागला. रंग उन्हात नेऊन पाहिला, भावात घासाघीस केली, जुनी कुंदा पूर्ण. मनात म्हटलं, रिपोर्ट चुकला असन.

बाहेर आलो. मी गाडी काढेपर्यंत ती दुसऱ्याच माणसाच्या स्कूटरवर मागं जाऊन बसली. खांद्यावर हात ठेवून. तो बिचारा मागं वळून पाहतो. मी धावत गेलो. तो म्हणे, "कोई बात नहीं भैया, मेरी माँ भी ऐसी थी।" घरी येईपर्यंत तिनं माझा शर्ट मुठीत धरून ठेवला होता.

१६ नोव्हें.
लेकीचा, प्रीतीचा, बिलासपूरवरून फोन. पोट्टीले मराठी समजते सगळं, बोलणार हिंदीतच. आईनं सांगितलं असन तिले. "पापा, आप मम्मी को रटा रहे हो? ऐसे में डॉक्टर को असली हालत कैसे पता चलेगी?" मी म्हटलं, तिले औषध मिळाल्याशी मतलब. तिनं बरंच ऐकवलं. सुईची, सुजेची भीती दाखवली. वाचून ठेवलं असन कुठं. आईची मर्जी काय, ते विचारलं का म्हणे.
मी म्हटलं, भाजी लागून राहिली. फोन ठेवला.

१९ नोव्हें.
आज ओरडलो. घड्याळाचे बाराही आकडे एकाच बाजूले कोंबले तिनं. चौथ्यांदा. मी टेबलावर हात आपटला, म्हटलं कालच तर सांगितलं! रबरानं खोडत बसली, कागद फाटेपर्यंत. मग रडली. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. शिकाऊ पोरांवर ओरडायचो तर ते बाहेर जाऊन मले शिव्या देत. हिले तेही येत नाही.

२० नोव्हें.
कालचं तिले काहीच आठवत नाही. हसून चहा दिला. पण मी वही काढली अन् तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

२१ नोव्हें.
परीक्षेच्या आधी काही विचारायचं आहे का, म्हणून दवाखान्यातून मॅडमचा फोन. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, विसरलेल्या गोष्टीचा भेव राहतो का म्हणून. त्या म्हणाल्या, घटना पुसली जाते पण झालेला त्रास आत राहू शकतो. तो ठेवणारी जागा वेगळी असते, म्हणून कारण सांगता येत नाही अन् भीती राहते. सराव-बिराव करून घेऊ नका म्हणाल्या. हव म्हटलं.
तरी दुपारी घड्याळ काढवलंच.

२४ नोव्हेंबर, सोमवार
चोवीस! दोन वाढले. मले तर मिठाई वाटावीशी वाटली.

मग अभ्यासवाल्या दीदीनं मले वेगळं बसवलं. सोबतच्या माणसानं खरं सांगायचं असते. रस्ता चुकतात का? नाही. गॅस चालू राहतो का? नाही. कोणाले ओळखण्यात घोटाळा? नाही. सही केली. सिग्नलच्या रजिस्टरात अशी सही केली असती तर गाड्या भिडल्या असत्या.

शेवटी कुं.ची परवानगी. मॅडमनं खुर्ची जवळ घेतली, हळूहळू समजावलं, काय समजलं ते तिच्याच तोंडून वदवून घेतलं. सगळं नीट सांगितलं तिनं, सूजसुद्धा, पाणीसुद्धा. मग विचारलं, औषध घेतलं तर हे शिकवणं बंद होईन का? मॅडमनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, परीक्षा तर अधूनमधून होत राहीन.

"मग मले नको," कुंदा म्हणाली. "जेवढं आठवते तेवढ्यात राहू द्या. मले याईचा भेव लागते आता."

याईचा म्हणजे माझा. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात हे कधी बोलली नव्हती. मी तिथंच बसून होतो.

मॅडम म्हणाल्या, आज त्यांना सगळं समजलं आहे, म्हणून त्यांचं नाही म्हणजे नाहीच. ५ डिसेंबरले यादी बंद होते. तोवर त्यांनी स्वतःहून मन बदललं तर या.

२५ नोव्हें.
सकाळी विचारलं, कालचं आठवते? "काल कुठं गेलो होतो का आपण?" वेणी घालत म्हणाली, मजेत.

गेलं. तिचं 'नाही' तिच्याजवळ उरलंच नाही. मॅडमच्या कागदात आहे, अन् माझ्याजवळ.

राहवलं नाही. म्हटलं, एक औषध आहे, घेशील? "तुम्ही म्हणान तर घेईन." लगेच! लग्न झाल्यापासून हेच तर म्हणत आली.

२८ नोव्हें.
प्रीतीले सांगितलं सगळं. आई नेमकं काय म्हणाली, ते तिनं पुन्हा सांगायले लावलं. मग म्हणे, "पापा, मम्मी ने जो कह दिया वो कह दिया।" मले राग आला. तू बिलासपूरले राहतेस, म्हटलं, तुले काय. सकाळी डोळे उघडून ती माझ्याकडे पाहते अन् क्षणभर तिले नाव सापडत नाही, ते मी पाहतो. एखादं वर्ष जास्त मिळालं तर कोणाचं काय जाते? मले एकट्यानं राहता येत नाही. हे तिच्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे. लिहून टाकलं एकदाचं.

१ डिसें.
शिकवणीची वही रद्दीत दिली. वार-तारीख काही विचारत नाही तिले आता. तरी मी समोर बसलो की हात पदराखाली.

४ डिसें.
उद्या यादीचा शेवटचा दिवस, दवाखाना दहाले. मी तिले काही सांगितलं नाही. जायचं असंही नाही, नाही जायचं असंही नाही. ऑटोवाल्याले मात्र साडेनऊले बोलावून ठेवलं.

५ डिसेंबर, शुक्रवार
ऑटो आला. कुंदा नवा ब्लाऊज घालून, चपला घालून दारात उभी. कुठं जायचं विचारलं. दवाखान्यात, म्हटलं. तिथं त्या मॅडम औषधाचं विचारतीन, तुले पाहिजे का म्हणून.

जरा वेळ माझ्या तोंडाकडे पाहून राहिली. मग म्हणाली, "याच्या आधी विचारलं होतं का त्यांनी? मी काय म्हटलं होतं?"

थांब, म्हटलं, चष्मा घेऊन येतो. आत येऊन हे लिहून राहिलो. चष्मा डोळ्यांवरच आहे. ऑटोवाला हॉर्न वाजवून राहिला.