ताटात उरलेला भात

आबा,

सकाळपासून मी चार वेळा स्वयंपाकघरात जाऊन आले आणि चारही वेळा काही न खाता परत फिरले. बसवत नाही, पडवत नाही, म्हणून लिहायला घेतलंय. माझ्या घशात कॅन्सरची गाठ आहे. रेडिएशन अजून सुरू व्हायचंय; गोव्याच्या इस्पितळात पुढच्या आठवड्यातली तारीख मिळालीय. लोक म्हणतात, उपचार सुरू झाले की हाल असतात. मला तर हे वाट बघण्याचे दिवसच खायला उठलेत. उपचाराच्या वेळी मान हलू नये म्हणून माझ्या चेहऱ्याच्या मापाचा प्लास्टिकचा मुखवटा करून ठेवलाय. मी वाळले तर तो सैल होणार, मग पुन्हा माप, पुन्हा नवी तारीख. आणि मी वाळतेय. सोमवारी वजन आणखी उतरलेलं दिसलं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.

गेल्या खेपेला तिथल्या आहाराच्या बाईंनी एक कागद भरून घेतला. गिळताना दुखतं का, चव लागेनाशी झालीय का, चार माणसांत बसून जेवायला संकोच वाटतो का, दिवस जड जातो का. प्रत्येक प्रश्नापुढे 'अजिबात नाही'पासून 'खूप'पर्यंत चौकटी. मी शहाण्या मुलीसारखी 'अजिबात नाही'वर खुणा करत गेले. खोटं होतं सगळं. बाईंनी कागद बघितला, मग माझी मनगटं बघितली आणि विचारलं, मग वजन जातंय कुठे? मी म्हटलं, मी ताटातलं सगळं संपवते, एक शीत टाकत नाही. अभिमानाने म्हटलं, आबा. तेव्हा शेजारी बसलेली माझी सून बोलली. एरवी ती माझ्यासमोर शब्द काढत नाही.

"आई ताटात घेतत तीन घास आणि ताट पुसून उठतत," ती म्हणाली. "टाकूचा लागात म्हणान घेणतच नाय."

 बाईंना काय कळलं कोण जाणे, मला मात्र सगळं कळलं: टाकावं लागेल या भीतीने मी वाढूनच घेत नव्हते.

मी सातेक वर्षांची होते. तुम्ही रापणीवरून आला होतात, किनाऱ्यावरून जाळ्याचे दोर ओढून तळहात सोललेले. आईने बांगड्याचं तिखलं केलं होतं. मी हौसेने दोनदा भात मागून घेतला आणि अर्ध्यावर हात आखडला. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "घेतलस मां गो? मगे संपय. संपल्याशिवाय उठूचा नाय." एवढंच म्हणालात. आई मध्ये बोलायला गेली, तर तिच्याकडे नुसतं बघितलंत. भात गार होतोय, तिखलं आळतंय, अंगणातली मुलं हाका मारून मारून निघून जातायत आणि मी बसून आहे. शेवटचा घास गिळला तेव्हा उन्हं कलली होती. तेवढा वेळ तुम्हीही समोरून हलला नव्हतात. मग स्वतःसाठी ठेवलेली गाबोळी, माशाची अंडी, माझ्या हातावर ठेवलीत आणि बाहेर निघून गेलात. पोट फुटायला आलं होतं, तरी ती मी खाल्ली, कारण तुम्ही खूश होतात.

तुमचं चुकलं असं मी कधी म्हटलं नाही. तुमचा डबा घेऊन किनाऱ्यावर यायचे तेव्हा वाऱ्याने भातात वाळू पडायची आणि तुम्ही तो तसाच खायचात. दिवसभर दोर ओढून रिकामं जाळं बघितलेल्या माणसाशी काय वाद घालायचा? मी माझ्या मुलालाही तसंच ताटापुढे बसवून ठेवलं. पण आता बाई सांगतात, ताट भरून वाढून घ्या, दर दोन तासांनी घ्या, जाईल तेवढं खा आणि उरलं तर खुशाल उरू दे. एवढी साधी गोष्ट मला जमत नाही, आणि मग चीड येते. कधी गाठीची, कधी तुमची.

काल दुपारी सुनेने मला न विचारता वाढलं. मऊ भात, वर तूप, मिरची न घातलेलं माशाचं सार, उकडलेलं अंडं. ताट बघूनच माझा जीव घाबरा झाला. खात गेले. प्रत्येक घासाला घसा सोलवटत होता. अर्ध्यावर थांबले तेव्हा आदल्या तीन जेवणांइतकं पोटात गेलं होतं, आणि तेवढंच ताटात उरलं होतं. मी हात धुतला. ताटावरून उठायला किती वेळ लागला ते सांगत नाही. सुनेने ताट उचललं आणि उरलेलं कोंबड्यांना घातलं.

सोमवारी वजनकाटा काय दाखवेल माहीत नाही. हे पत्र मी कुणाच्या हाती लागू देणार नाही, लिहून झालं की फाडणार आहे. एवढंच सांगायचं राहिलंय, की तुम्ही समोर असतात तर मी काल ते ताट वाढूनच घेतलं नसतं. म्हणून हात धुताना, तुम्ही आता नाही आहात याचं मला पहिल्यांदा बरं वाटलं.