पल्याडची हद्द

६ ऑक्टोबर, सोमवार

कवडघाटच्या पोलीस दूरक्षेत्रात आज हजर झालो. गंगाखेडहून एसटीला पाऊण तास लागला. फाट्यावर उतरलो तर माझी वळकटी घ्यायला परमेश्वर स्वतः मोटारसायकल घेऊन उभा होता. हा इथला शिपाई, सहा वर्षांपासून इथंच आहे. आता आम्ही दोघंच.

जागा बघून मन प्रसन्न झालं. दोन खोल्या, वर पत्रे, दारात लिंबाचं मोठं झाड. झाडाच्या पलीकडे घाटाच्या पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या खाली गंगा. कागदावर गोदावरी, पण आम्ही सगळे गंगाच म्हणतो. नदीच्या मध्यापर्यंत आपली हद्द, पुढं पल्याडच्या ठाण्याची. सव्वीस वर्षांच्या नोकरीत इतकी शांत नेमणूक मला मिळाली नव्हती. शेवटची वर्षं इथं गेली तरी चालतील.

आतल्या खोलीत बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो लावला, वंदना घेतली. परमेश्वरनं न सांगता खिळा ठोकून दिला. माणूस चांगला वाटला. मला जमादार म्हणतो.

ही वही अपेक्षानं दिली. तिची बारावी आहे, म्हणून ती आणि तिची आई पूर्णेलाच राहतील. लेकीचं म्हणणं असं की मी घरात बोलत नाही ते निदान वहीत तरी बोलावं.

दाराच्या मागं एक लांब बांबू उभा आहे. टोकाला लोखंडी बेचकं ठोकलेलं, आणि त्या टोकाकडून हातभर ओल. कशासाठी म्हणून विचारलं, तर परमेश्वर हसला आणि सापासाठी म्हणाला.

७ ऑक्टोबर, मंगळवार

दुसऱ्याच दिवशी एकशेबाराचा, म्हणजे तातडीच्या नंबरचा कॉल. वाडीत मारामारी. गेलो तर मारामारी नव्हती. एक गडी दारू पिऊन ओट्यावर बसला होता, बायको चहात गूळ कमी घालते अशी त्याची तक्रार. परमेश्वरनं त्याच्याच घरचा चहा पिऊन बघितला, गूळ बरोबर आहे असा निकाल दिला, आणि आम्ही परत आलो. परतताना दोन भावांनी अडवलं. विहिरीवरचा पाइप कोणाच्या वावरातून न्यायचा यावर कुऱ्हाडी निघाल्या होत्या. त्यांना समजावण्यात दुपार गेली. दोघंही शेवटी आमच्यावरच रागावले. पोलिसाची नोकरी अशीच. भांडण मिटलं तरी दोन्हीकडचे आपल्याला शिव्या देतात.

बायकोचा, धम्मशीलाचा फोन आला. जेवलो का, एवढंच विचारलं तिनं. बरं वाटलं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज एक म्हातारी आली. सरजाबाई नाव. गाव नदीच्या पल्याड, डोळ्यांना दिसेल इतकं समोर. पण पुलाच्या फेऱ्यानं दोन एसट्या बदलून यावं लागतं. तिचे मालक नागनाथ घटस्थापनेच्या दिवशी घरातून निघाले ते परत आलेच नाहीत. त्यांना हल्ली काही आठवत नव्हतं, घरचा रस्तासुद्धा. मिसिंगची नोंद पल्याडच्या ठाण्यात आहे. तिथल्यांनी सांगितलं, अल्याड विचारून बघा.

खूण विचारली तर म्हणाली, उजवा पाय जरा ओढत चालतात, आणि सदऱ्याची तिसरी गुंडी तुटली होती ती तिनं लाल दोऱ्यानं लावली. घरात पांढरा दोरा नव्हता. ते वारंवार त्या गुंडीला हात लावून बघायचे.

कपाळावर तिचं कुंकू ठसठशीत होतं. मी तिला पाणी दिलं, नंबर लिहून घेतला, आणि काहीही कळलं की स्वतः फोन करीन असा शब्द दिला.

११ ऑक्टोबर, शनिवार

हे लिहू का नको, याचा सकाळपासून विचार करतोय.

सात वाजता मासे धरणारा एकजण सांगायला आला. घाटाला मयत लागलंय. परमेश्वरनं कसलीच घाई केली नाही. चहा संपवला, दाराच्या मागचा बांबू घेतला. तेव्हा कळलं तो कशासाठी आहे.

त्यानं मला नीट समजावून सांगितलं, जसं नव्या माणसाला काम सांगतात. मयत आपल्या काठाला लागलं की आपलं. पंचनामा, फोटो, डॉक्टर. गाडी मिळत नाही. मिळाली तर बेवारस म्हणून शवागारात जागा नाही. आठ दिवस दोघं अडकतो आणि वरून ठाणेदाराची बोलणी. मध्यधारेच्या पुढं ढकललं की पल्याडचं. सगळे असंच करतात. आधीचे जमादारही करायचे.

मयत पालथं होतं. धार जोराची होती आणि परमेश्वरला एकट्याला बांबू आवरेना. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हात लावला. मी जोरही दिला. माझी बाजू मांडायला ही वही नाही, म्हणून लिहितो की जोर दिला.

धारेत गेल्यावर ते उलटलं. सदरा पांढरा. तिसऱ्या गुंडीला लाल दोरा.

परमेश्वरला दिसलं नसावं. तो पाय धुताना म्हणाला, "जमादार, लय इचार करू नका. पल्याड गेलं की पल्याडचं."

स्टेशन डायरीत नोंद माझ्या अक्षरात आहे : नदीपात्राची पाहणी केली, काही मिळून आले नाही.

संध्याकाळी वंदना घेताना चौथ्या शीलाशी अडलो. खोटं न बोलण्याचं शील. वडिलांनी मला शाळेच्या आधी शिकवलेलं. पुढचं पाचवंही म्हणता आलं नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आज ते परत घाटाला. त्याच पायरीशी.

परमेश्वर म्हणाला, धरणातून पाणी कमी सोडलं असेल, उलट ओढ लागली असेल. पुन्हा बांबू. मी या वेळी त्याला थांबवायला तोंड उघडलं होतं, पण नोंद आठवली. दोन दिवसांपूर्वी मिळून आले नाही, आज मिळाले म्हणून लिहावं तर मयताच्या अंगावरची बेचक्याची खूण सगळं सांगेल. पुन्हा जोर दिला.

ते जाताना मला जाणवलं, हे आपोआप आलेलं नाही. पल्याडच्या चौकीतही दाराच्या मागं असाच एक बांबू असणार.

१५ ऑक्टोबर, बुधवार

परमेश्वरला दिवाळीच्या बंदोबस्ताला बाजारात घेतलं. आठ दिवस मी एकटा.

सरजाबाई आली होती. बसली, लाडू आणले होते ते टेबलावर ठेवले. म्हणाली, मन म्हणतंय ते इथंच कुठंतरी जवळ आहेत. मी मान खाली घालून रजिस्टर चाळत राहिलो. जाताना दारात थांबली.

"सायेब, पाडव्याला मी त्येन्ला ववाळत असते. चाळीस वर्सं झाली. यंदा कुकू लावू का पुसू, यवढं सांगा बगा."

मला सांगता आलं असतं. एक शब्द होता. तपास चालू आहे, असं म्हणालो.

लाडू खाल्ले नाहीत. लिंबाखाली ठेवले, तर कावळ्यांनीही शिवले नाहीत.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

भर दुपारी घाटावर गेलो. वरच्या तीन पायऱ्या सोडल्या तर सगळ्या ओल्या. पाणी सगळ्यात खालच्या पायरीशीच आहे, वर चढलेलं नाही. ऊन असं की पत्रा वाजतोय. तरी पायऱ्या वाळत नाहीत. ओल पावलांच्या आकाराची आहे. अनवाणी, उजवा पाय जरा फरफटलेला.

खाली उतरणारी पावलं नाहीत. फक्त वर येणारी.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

मन घट्ट केलं आणि पल्याडच्या ठाण्याला फोन लावला. मिसिंगमधले नागनाथ मयत आहेत, मी बघितले, असं सांगितलं. तिथल्या अंमलदारानं शांतपणे विचारलं, कुठल्या तारखेला. अकरा म्हणालो. त्यानं थांबायला सांगितलं. मग म्हणाला, तुमच्या दूरक्षेत्राची अकराची नोंद त्यानं मागवून बघितली, काही मिळून आले नाही असं तुम्हीच लिहिलंय. मग आता कुठलं मयत.

स्वतःच्या ठाण्याला लावला. तिथंही तेच. ठाणेदार म्हणाले, दिवाळीच्या तोंडावर नसती उठाठेव करू नका, एकटं राहून डोक्यावर परिणाम झाला असेल तर रजा टाका.

सरजाबाईचा फोन बंद लागतो.

दुपारी झाडाखाली ओल.

१८ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी दोनला एकशेबाराचा कॉल. जागा : कवडघाट, दूरक्षेत्राचा घाट. म्हणजे इथूनच, वीस पावलांवरून. मी दारातून बघितलं. घाटावर कोणी नाही. फोन उचलला. पाण्याचा आवाज, मग एका म्हाताऱ्या माणसाचा. घाबरलेला नव्हता. रस्ता चुकलेला माणूस विचारतो तसं विचारलं की ही कुणाची हद्द.

मी उत्तर दिलं नाही. तो थांबून राहिला. पोलीस उत्तर देतील याची खात्री असल्यासारखा.

वंदना जमत नाही. चौथ्यापाशी जीभ जड होते. तरी दिवा लावतो.

१९ ऑक्टोबर, रविवार

उंबऱ्यावर ओल. स्टेशन डायरी अकरा तारखेच्या पानावर उघडी. मी मिटली होती. कपाटात ठेवून कुलूप लावलं. दुपारी पुन्हा टेबलावर, पान भिजलेलं, पण अक्षरं मात्र फुटलेली नाहीत. सगळी ओळ फुटली असती तर बरं झालं असतं.

धम्मशीलाला फोन केला. ती सारखी हॅलो हॅलो करत होती. अपेक्षाला म्हणाली, बाबांचा फोन आहे पण नुसतं पाणी वाजतंय. मी ओरडून सांगत होतो की मी आहे.

फाट्यावर जाऊन एसटीला हात केला. थांबली नाही. ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलंही नाही. वर्दीत होतो मी.

२० ऑक्टोबर, सोमवार

आज ठरवलं, आपणच काठाला घ्यायचं. पंचनामा करायचा, काय व्हायचं ते होऊ दे.

मयत नदीच्या मध्यावर थांबलेलं होतं. एवढ्या धारेत हलत नव्हतं. मी कमरेपर्यंत उतरलो, बांबू पुढे केला. तेव्हा लक्षात आलं. या बांबूला ओढायला काहीच नाही. बेचकं आहे. फक्त ढकलायला बनवलाय.

तरी सदऱ्यात अडकवून बघत होतो. दुसरं टोक कोणीतरी धरलं. हळू. चाचपडत. मग हातात हात यावा तसा बांबू ओढला.

मी सोडून पळालो. वर आल्यावर बघतो तर बांबू दाराच्या मागं उभा. हातभर ओल. नाही — पुरुषभर.

२१ ऑक्टोबर

खोलीत घोट्याएवढं पाणी. नदी तिथंच आहे, खाली. मग हे कुठून —

एकशेबारा लावला. मुलीनं विचारलं, अडचण काय. पोलीस आहे, वाचवा म्हणालो. ती म्हणाली, तुमची जागा नदीच्या पात्रात दिसते. मी खुर्चीवर बसलोय म्हणालो. तिनं आपलं ठाणं जोडून दिलं. आपलं ठाणं म्हणालं पल्याडला सांगा, मध्याच्या पुढं दिसताय. पल्याडचं म्हणालं अल्याड आहे. फोन चालू होता. दोघं एकमेकांशी बोलत राहिले, मी ऐकत —

माझ्यासमोर खुर्चीवर पाणी साचलंय. कोणी बसून गेल्यासारखं. कोणी बसलेलं असल्यासारखं.

त्या म्हाताऱ्या आवाजानं पुन्हा विचारलं, ही कुणाची हद्द. या वेळी फोनवर नाही.

आपली, म्हणालो मी. बाबा, हद्द आपलीच आहे.

२२ ऑक्टोबर, पाडवा

सकाळी नोंद केली. अकराच्या ओळीखाली, खाडाखोड न करता. नागनाथ यांचे प्रेत आमच्या हद्दीत मिळून आले, मी ढकलले. सही, बक्कल नंबर. नंतर वंदना घेतली. पाचही शीलं म्हणता आली.

खुर्ची कोरडी झाली. मला वाटलं संपलं.

पण पाणी छातीला —

सरजाबाई आलीय. खिडकीतून दिसते. ताट आहे हातात, निरांजन. कपाळ अजून — मी हाका मारतोय. पाच हातांवर आहे. घाटावर येऊन पाण्याकडे बघते, माझ्याकडे बघते, मी म्हणजे तिला नुसतं पाणी —

परमेश्वर परत आला. तिला म्हणतोय आजी, इथं काही न्हाई, पल्याड इचारा. तिला बाजूला बसवलं. आत येतोय. चहाचा कप खाली ठेवला. कसलीच घाई नाही.

दाराच्या मागं हात घातला.

स्टेशन डायरी वाहून गेली. ही वही पत्र्याच्या सांदीत खोचतो. ज्याला सापडेल त्यानं — बेचकं छातीला लागलं — परमेश्वर, मी आहे रे, वर्दी बघ — जोर देऊ नको —

ज्याला सापडेल त्यानं सरजाबाईला सांगावं. कुंकवाचं तिनं विचारलं होतं. सांगावं की मालक अकरा तारखेला आमच्या हद्दीत