सैल झाकणं

जाऊबाई,
अजून रागात असाल, तरी नमस्कार.

मला संधिवात सुरू झालाय. डॉक्टरांनी प्रश्नांचा कागद दिला, आणि प्रश्न मोठे गमतीचे. नळ फिरवता येतो का? सकाळी बोटं किती वेळ आखडतात? मन उदास असतं का? अहो, दुखतात सांधे, मग मनाची चौकशी कशाला?

पुढे होतं, 'डब्याचं झाकण उघडतं का?' तिथे मी अडले. तुम्ही झाकणं सैल ठेवायच्या, मुंग्या लागायच्या आणि मी चारचौघांत तुम्हाला आळशी म्हणायचे. तेव्हा तुमचीही बोटं सुजायची का हो?

काल सून ओरडली, "झाकण कोणी सैल ठेवलं?"

मी हात पाठीमागे लपवले. तुम्ही अगदी अशाच उभ्या राहायच्या.

हे पत्र टाकायचं धाडस नसलेली,
तुमची धाकटी जाऊ