खोकल्याची रेघ

बाबा, तू गेलास त्याला नऊ वर्षं झाली, आणि काल दुपारी मी तुझा खोकला ऐकत बसले होते. त्याचं असं झालं, धसईच्या एका मुलीचा फोन आला. तिचं लग्न तू शूट केलंस आणि मी एडिट. त्या लग्नात हळदीपासून धवल्याची गाणी म्हणणारी म्हातारी धवलारीण तिची आजीच. ती आता वारली, म्हणून पोरीला आजीचा धवला पहिल्यापासून शेवटपर्यंत हवाय. जुनी हार्ड डिस्क कपाटातून काढली, पुसली, लावली, तर चालू झाली की! तुझ्या शेवटच्या सीझनची सगळी लग्नं त्यात आहेत, न कापलेली.

कल्याणहून तू मला जुना कीबोर्ड आणलास, आठवतंय? "माउसनं काय शेत नांगरतेस गो? पार्टी दारात उभी हाय," म्हणालास. मग मी सगळे शॉर्टकट एका लग्नपत्रिकेच्या मागं लिहून काढले. शहापूरच्या आपल्या एका खोलीच्या स्टुडिओत चहा ओतता ओतता तू परीक्षा घ्यायचास. "कापायचा?" कंट्रोल के. "तुकडा काढून भोक बुजवायचा?" शिफ्ट डिलीट. "चुकला तर?" कंट्रोल झेड. तुला स्वतःला कॉम्प्युटर चालू करता यायचा नाय, पण परीक्षा मात्र कडक! महिन्याभरात माझी बोटं माझ्यापेक्षा हुशार झाली, चार दिवसांचं काम एका दिवसात व्हायला लागलं. तू पार मुरबाडपर्यंत सांगत सुटलास, "माझी पोर न बघता कापते."

ओरडलास फक्त एकदा. मी धवला काढून त्यावर सिनेमाचं गाणं टाकलं होतं. "ती म्हातारी सकाळपासून उपाशी गाते, आणि तू तिचा आवाजच फेकलास? लाज नाय वाटत?" तेव्हापासून धवल्याचा आवाज ठेवायचा असं ठरलं. पण त्या आवाजात तूही असायचास, कॅमेऱ्यामागं, खोकत. "बाबा, कॅमेऱ्याजवळ खोकू नको रे, माझं काम वाढतं!" असं मी किती वेळा खेकसले असेन. तू हसायचास. "मांडवात धूळ हाय गो," म्हणायचास.

पुढं पुढं मला ऐकायचीही गरज उरली नाही. स्क्रीनवर आवाजाची रेघ दिसते ना, त्यात धवला पसरट आणि तुझा खोकला काट्यासारखा उभा. दोन ओळींच्या मधे काटा दिसला की दोन्ही बाजूंनी कापायचा, तुकडा काढायचा, वर हळदीच्या ताटाचा शॉट टाकायचा. कुणाला पत्ता लागायचा नाही. सुरुवातीला लग्नामागे दोन-तीन काटे असायचे, उन्हाळ्यात सगळी रेघ बाभळीसारखी झाली. आणि मी काय केलं? तेवढ्यासाठी एक वेगळी कळ लावून घेतली, एका बोटात काम व्हावं म्हणून. वर स्वतःवर खूशही होते. मूर्ख कुठली.

काल हेडफोन लावून सगळं ऐकलं. तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्याच हळदीत तू खोकतोस. सापगावच्या लग्नात तुला दम लागतो आणि कॅमेरा हलतो. धसईला तर ती धवलारीण मधेच थांबते आणि म्हणते, "पानी पी रे बाला, मंग गाते." तू म्हणतोस, "तू गा गो आये, माझं काय नाय." हेसुद्धा मी तेव्हा कापलं होतं, न ऐकता. त्या परक्या म्हातारीला कळलं, बाबा. आणि काल तिथवर आले तर माझं बोट आपोआप त्याच कळीवर गेलं. मेलं ते बोट तोडून टाकावंसं वाटलं. त्या पोरीला धवला सबंध पाठवलाय, तुझ्या उत्तरासकट.

हा कागद कीबोर्डखाली सरकवून ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवू? पण एक राहिलंय, आईलाही कधी सांगितलं नाही. पावसाळा लागल्यावर आपण डॉक्टरांकडे गेलो. तुझ्या छातीचा फोटो उजेडाकडे धरून त्यांनी विचारलं, "खोकला कधीपासून?" तू म्हणालास, "झाले असतील पंधरा-वीस दिवस." आईनं मान हलवली. मग डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मला एकेक लग्न पाठ होतं, बाबा, सात महिन्यांचं. मी म्हणाले, "हो, पंधरा-वीस दिवस."