घोड्याची खाच

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

दुकानात गेलो. आठवड्यातले तीनच दिवस, पण कुसुम म्हणते, तेवढे तीन दिवस तुम्ही माणसात असता. बायकोचं म्हणणं खोडायला आता अंगात बळ नाही.

सकाळी एक डबल बॅरल बंदूक आली होती, नुसती पुसायची. मग जयनगरहून मेधा आली, रघुनाथरावांची मुलगी. मी तिला ओळखलंच नाही. र.रा. गेल्या महिन्यात गेले म्हणे. मला कोणी कळवलं नाही, आणि का कळवावं? वारस म्हणून त्यांचं रिव्हॉल्व्हर दुकानात जमा करायला आली होती. पोलीस ठाण्याचा कागद बरोबर. रिव्हॉल्व्हर जुन्या लाल फडक्यात.

"काका, विकून किती येतील ते मला नकोय. फक्त घरातून जाऊ दे."

मग स्वतःहूनच म्हणाली, नंदू शेवटपर्यंत आला नाही. अग्नी मी दिला. तिचा भाऊ इथंच जे. पी. नगरला, वीस मिनिटांच्या अंतरावर.

शैलक्का कन्नडमध्ये म्हणाली, "वसंतण्णा, नीवे नोडि." जुनं काम आलं की तिचं हेच, तुम्हीच बघा. तिच्या वडिलांच्या, अण्णांच्या माघारी दुकानाचं लायसन्स तिच्या नावावर आहे, पण जुन्या हत्यारांना ती हात लावत नाही. मी पावती लिहिली. आकडे तिरके आले. मेधाला वाटलं असेल, म्हातारा झाला.

६ फेब्रु., गुरु.

ते कपाटात आहे. उघडलं नाही. दिवसभर दुसऱ्याच कामांची सोंगं केली.

एकदा लिहूनच टाकतो. एकोणीस वर्षं डोक्यात ठेवलं, कागदावर एक ओळ नाही.

कारखान्यातली टूलरूमची नोकरी गेली तेव्हा मी सत्तेचाळीसचा. निपाणीला परत जायची लाज वाटत होती. अण्णांनी दुकानात घेतलं, धंदा शिकवला. त्यांचा एक नियम होता: जुन्या रिव्हॉल्व्हरच्या आतल्या भागांना कानस लावायची नाही. झिजलं असेल तर नवा भाग घडवायचा, नाहीतर हत्यार जसं आलं तसं परत. म्हणायचे, वसंता, घासलेलं परत येत नाही.

खंडेनवमीच्या आधीचा आठवडा. आयुधपूजेला लोक हत्यारं पुसून न्यायला येतात, दुकानात उभं राहायला जागा नसते. अण्णा पुढे गिऱ्हाइकात. र.रा. सरळ मागे माझ्याकडे आले. रिटायर्ड फॉरेस्ट ऑफिसर, बोटं संधिवाताने आखडलेली. "वसंता, चाप फार जड जातो रे. जरा हलका कर. अण्णाला विचारलं तर नाहीच म्हणेल."

मी केला. एका दुपारीत. रजिस्टरला लिहिलं नाही.

करून दिल्यावर त्यांनी रिकामा चालवून बघितला, खूश झाले. म्हणाले, अण्णापेक्षा तुझा हात हलका. ते वाक्य मी घरी नेलं, कुसुमला ऐकवलं. रात्री जेवताना परत ऐकवलं. मूर्ख.

नवमीला त्यांच्या घरी पूजा. आत एक गोळी राहिली होती, ती त्यांची चूक. मागून पुसायचं म्हणून घोडा मागे ओढून वर चढवला होता, तीही त्यांचीच. तसंच ते पाटावर ठेवायला गेले. पाटाला टेकलं आणि उडालं. समोर नंदू झेंडूची माळ करत बसला होता, चोवीस वर्षांचा. उजवा गुडघा गेला.

सगळे म्हणाले, बोट चापावर असणार. र.रा. म्हणत राहिले, मी चाप दाबला नव्हता. तपासणीत शेरा आला, 'हत्यार चालू स्थितीत'. चालू तर होतंच.

अण्णांनी मला बाजूला घेऊन विचारलं, तू काही केलं होतंस का त्यात? मी म्हटलं, "इल्ला." नाही. अण्णांनी परत कधी विचारलं नाही. त्यांनी विश्वास ठेवला, ह्याचीच जास्त लाज वाटते.

आणि एकोणीस वर्षं मी स्वतःला काय सांगितलं? गोळी कोण विसरलं? तेच ना? झालं तर मग.

८ फेब्रु., शनि.

उघडलं. बाजूची पट्टी काढली, आत वाळलेलं तेल, डिंकासारखं. पुसून उजेडात धरलं.

एवढ्या लहान जागेत किती थोडे भाग असतात. घोडा, म्हणजे मागे उचलला जातो आणि गोळीवर आपटतो तो. चाप. गोळ्यांचं चक्र फिरवणारा एक बारीक हात. आणि सगळ्यांना ताणून धरणारी एक वाकडी पट्टी स्प्रिंग. घोडा चढवला की चापाचं नाक घोड्याच्या खाचेत बसतं. आख्खी स्प्रिंग त्या खाचेच्या कडेवर थांबलेली असते. नखापेक्षा बारीक कड. नंतरच्या काळातल्या हत्यारांत घोड्याच्या वाटेत एक अडसर असतो, चाप दाबल्याशिवाय तो सरकत नाही. ह्या जुन्यात तो नाही. इथं ती कड म्हणजे सगळं.

कड उरलेली नाही. गोल झालीय. बोटाने जरासं ठोकलं तर रिकामा घोडा पडला. चाप मी दाबला नव्हता.

झिजली असेल असं म्हणायचा फार मोह झाला. भिंग लावलं. कानशीचे ओरखडे उजवीकडून डावीकडे खाली उतरलेत. डावखुऱ्याची कानस. ह्या दुकानात डावखुरा एकच, आणि त्यावरून अण्णा रोज चिडवायचे.

र.रा. खरं बोलत होते. पहिल्या दिवसापासून.

१० फेब्रु., सोम.

मेधा सह्या करायला आली. दोन मिनिटांचं काम. बसून राहिली. म्हणाली, "काका, हे आतून चालतं कसं?"

समजावून सांगितलं. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवली, हा घोडा, हे चापाचं नाक. शिकवताना मी बरा असतो. तिने लक्ष देऊन ऐकलं, आणि मग विचारलं,

"बाबा म्हणायचे चाप दाबलाच नाही. असं होऊ शकतं का हो?"

समोरच्या ड्रॉवरमध्ये घोडा सुटा करून ठेवलेला. एक हात लांब. मी काय म्हणालो? "जुन्या हत्याराचं काही सांगता येत नाही, मेधाताई."

ती थँक्यू म्हणून गेली. थँक्यू!

बसमध्ये बसायला जागा होती तरी उभा राहिलो. स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

११ फेब्रु., मंगळ.

कुसुमला सांगितलं. भाजी निवडत होती. हात थांबले नाहीत. ऐकून म्हणाली, "हात हलका म्हणाले होते ना ते." तिला शब्दन् शब्द आठवतो. मला वाटलं होतं माझं कौतुक फक्त मीच लक्षात ठेवलंय.

मी सगळी कारणं पुढे केली. शैलक्काचं लायसन्स. अण्णांचं नाव. आता र.रा. नाहीत, कोणाला काय मिळणार?

"ज्याचा बाप गेला त्याला मिळणार. मेलेल्या माणसावर अजून चिडून बसलाय तो पोरगा. तुमच्यामुळे."

पोरगा म्हणे. त्रेचाळीसचा असेल. पण बाकीचं खरं.

१३ फेब्रु., गुरु.

शैलक्काला सांगितलं. आधी हत्यार दाखवलं, मग ओरखडे, मग माझं नाव. उलट क्रमाने जमलं नसतं.

ती उठून जुनी रजिस्टरं काढायला गेली. त्या वर्षाचं काढलं, नवमीचा आठवडा वरपासून खालपर्यंत वाचला. र.रां.चं नाव नाही. बंद केलं.

"अप्पाला माहीत होतं?"

"नाही. मी खोटं बोललो."

कॉफी आली, दोघांचीही निवली. मग कन्नडमध्ये हळू म्हणाली, मी जीव द्यायला सांगत नाही, पण त्या घरी जाऊन सांगा. पोलिसात कळवायचं ते मी कळवीन, दुकानाचं मी बघते. आणि सोमवारपासून येऊ नका.

ह्याच मुलीला मी तिची पहिली पावती लिहायला शिकवलं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं. "सरी," ठीक आहे, म्हटलं, आणि माझा चष्मा, माझी कानस उचलली. कानस परत ठेवली.

१५ फेब्रु., शनि.

मेधाला फोन. सगळं सांगितलं. लाईन तुटली असं वाटून दोनदा हॅलो म्हटलं.

"ऐकतेय." मग, "सोमवारी मी विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

तिने नंदूचा पत्ता पाठवला. खाली एकच ओळ: त्याला तुम्हीच सांगा, मी नाही सांगणार.

१६ फेब्रु., रवि.

जे. पी. नगर. सातवा मजला. दार नंदूनेच उघडलं. उजवा पाय वाकत नाही, चालताना आख्खा बाजूने फिरवतो. एकोणीस वर्षांत मी हे एकदाही बघायला गेलो नव्हतो.

वाटलं होतं ओरडेल. दोन वाक्यं पाठ करून गेलो होतो, ती आठवली नाहीत. कागदावर घोडा काढला, खाच काढली, चापाचं नाक. कड होती कशी आणि मी केली कशी. तो आयटीतला, त्याला एकदा सांगून कळलं. कागद फिरवून फिरवून बघत राहिला.

"म्हणजे नुसतं टेकवल्याने."

"नुसतं टेकवल्याने."

"आणि तुम्ही ते घासलंय हे बाबांना माहीत होतं?"

"त्यांनीच सांगितलं होतं करायला."

"मग त्यांनी कधी तुमचं नाव का नाही घेतलं? पोलिसांना नको, मला? मी विचारायचो ना त्यांना, मग उडालं कसं? रोज विचारायचो. नुसतं एवढं सांगितलं असतं तरी मी..." वाक्य तिथंच राहिलं.

ह्याचा मी कधी विचारच केला नव्हता. मी समजत होतो, माझ्या कानशीचं त्यांना सुचलं नाही. रिकामा घोडा दहा वेळा चालवून बघणारा माणूस, त्याला सुचलं नाही!

तेव्हा आठवलं. त्या प्रकारानंतर चार-सहा महिन्यांनी र.रा. एकदा दुकानात आले होते. हत्यार नाही, काही काम नाही. माझ्या बाकाशी स्टुलावर बसले. म्हणाले, "मुलगी कितवीत तुझी?" म्हटलं, सातवीत, हुशार आहे. "शिकव तिला. तुझी ही नोकरी टिकव." आणि उठून गेले. मी सुटलो म्हणून देवापुढे नारळ फोडला होता.

हे नंदूला सांगावं की नाही? सांगितलं. आता काही राखून ठेवायचं नव्हतं.

त्याने कागदाची घडी घातली. मग विचारलं, "काय करते आता तुमची मुलगी?"

"डॉक्टर आहे. हुबळीला."

"बरं," म्हणाला. एवढंच. माफ केलं म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. कागद त्याने ठेवून घेतला. पुढच्या रविवारी मेधासमोर हे सगळं परत सांगाल का, म्हणाला. सांगीन.

घरी येऊन मुलीला फोन लावला. पेशंट होते तिचे. "बाबा, आवाज असा का? बरं नाही का?" म्हटलं, बरा आहे. तुझी ड्यूटी आटपली की फोन कर, एक सांगायचंय, तुझ्याबद्दलच आहे.

साडेआठ झाले. तिचा फोन अजून आला नाही.