बेथानी वाडीतील शेवटच्या घराची व्यवस्था

सोमवार, ता. १२ नोव्हेंबर १९३४. सकाळी पाणी भरले, प्रार्थनाघर झाडले. दुपारपर्यंत कोणी आले नाही, म्हणून हे लिहावयास घेतले.

मी, भगवंत जानराव तायडे, धर्म ख्रिस्ती, वय सदुसष्ट, पूर्वी शिक्षक, हल्ली शेती, राहणार बेथानी वाडी, वलगावजवळ, तालुका अमरावती, हे मृत्युपत्र शुद्धीवर राहून, कोणाच्याही दडपणावाचून लिहीत आहे. माझी पत्नी जयवंता सप्टेंबरात वारली. तेव्हापासून बोलणे कमी झाले आहे, पण डोके ठिकाणावर आहे.

१. मोठ्या दुष्काळानंतर आम्ही दहा ख्रिस्ती कुटुंबांनी ही वाडी वसवली. गावच्या विहिरीवर आम्हाला चढू देत नसत, म्हणून आपली विहीर, आपली शाळा आणि आपले कुंपण केले. कोणी आजारी पडला तर त्याचे शेत बाकीचे वखरून देत. ख्रिस्ती माणसांनी असे एकत्र, शेती करून राहावे, हे माझे मत आजही कायम आहे. पण मुले शिकली आणि शहरात गेली. आता एकट्या माझ्याच घरात चूल पेटते.

२. मुलगा दानिएल अकोल्यास रेल्वेत आहे. आई गेल्यावर तो म्हणाला, "बाबा, अकोल्याले प्रार्थनेत बसाले जागा भेटत नाही. तुमी इथं कोनासाठी घंटा वाजवून राहिले?" घर मिळाले तर विकीन, असे त्याने तोंडावर सांगितले, म्हणून घर त्याला देत नाही. खोटे बोलला नाही, म्हणून माझे घड्याळ आणि आईचे शिवणयंत्र त्याला द्यावे.

३. घर व चार एकर जमीन, जे ख्रिस्ती कुटुंब येथे राहून स्वतः कसेल त्याला मिळावी. अट एकच. फाटकाचे दार काढून टाकावे.

कारण लिहितो. आपला खांदा, आपली कुदळ, असा वाडीचा नियम होता. मयताला बाहेरच्याने हात लावायचा नाही. जयवंताच्या मातीच्या दिवशी मी आणि दानिएल असे दोघेच होतो. गावातले नत्थुजी माळी चार माणसे व कुदळी घेऊन फाटकाबाहेर उभे होते. बोलावल्याशिवाय आत यायचे नाही, हे आम्हीच त्यांना सांगून ठेवलेले. ऊन चढत होते आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी नत्थुजी ओरडले, "मास्तर, आत येऊ का, का अजून बाहेरच राहाचं?"

मी 'या' म्हटले.

खोदताना ते म्हणाले, "तुमच्या कुंपनानं आमच्या बकऱ्या अडल्या, मास्तर. मानसं तं तुमचेच गेले." दानिएल हसला. मी त्याला रागावलो नाही.

दार न लावता वाडी टिकते का, हे मी पाहिलेले नाही. येणाऱ्याने पाहावे.

४. वर्षभरात असे कुटुंब न आल्यास, कबरस्तान वगळून सर्व नत्थुजींना द्यावे. त्यांना लाभ पोचू शकतो, म्हणून साक्षीला घेतले नाही. "माह्या अंगठ्यात काय खोट हाय?" असे ते म्हणाले. कायदा समजावला, पटला नाही.

५. आमच्या दहा कुटुंबांपैकी चंद्रभान याने वाडी सोडताना सामाईक विहिरीची मोट नेली. तिचा दोर येथेच राहिला आहे. तो त्याने स्वतः येऊन न्यावा. आला तर जेवल्याशिवाय जाऊ देऊ नये.

६. मला जयवंताशेजारी ठेवावे. त्या दिवशी बोलावण्यास मी नसेन, म्हणून येथेच लिहितो. ज्यांना यावयाचे त्यांनी आत यावे.

वरील मजकूर वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली.

भगवंत जानराव तायडे

साक्षीदार, आमच्यादेखत सही झाली:
१. किसनराव, शिक्षक, वलगाव
२. शालिकराम, शेतकरी, वलगाव

मुक्काम बेथानी वाडी, तारीख वरीलप्रमाणे.

दोघे गेले. आता उद्यापुरती ज्वारी दळावयास बसतो.