सायलेन्सरची जाळी

९ फेब्रुवारी, रविवार

आजही कोपऱ्यावर बुलेट बंद केली आणि घरापर्यंत ढकलत आणली. कमरेचा काटा ढिला झाला! आमची गल्ली चढाची आहे हे इतकी वर्षं राहूनही आत्ताच कळलं. शेजारचे गुरुबसप्पा ओट्यावर पेपर वाचत होते. उठून हात लावतील तर शपथ. वर विचारतात, "काय सिद्धेश्वर, पेट्रोल संपलं का?"

पेट्रोल नाही हो, नात! अपेक्षा बाळंतपणाला आल्यापासून माझ्या गाडीला गल्लीत तोंड उघडायची बंदी आहे. नातीचा डोळा लागायला आणि मी दारात यायला नेमकी एकच गाठ पडते. पोर दचकून उठते, मग कुणालाच झोप नाही. आज अपेक्षा रडकुंडीला आली. "आप्पा, माझ्यात आता जीव नाही राहिला हो. असंच चालणार असेल तर मी जेऊरला जाते."

जेऊर म्हणजे तिचं सासर. सव्वा महिना व्हायच्या आत लेक माहेरातून निघून गेली तर लोक काय म्हणतील — जाऊ दे, लोकांचं सोडा. मला ती इथं हवी आहे. नात हवी आहे. कामावरून आल्यावर तिचं तोंड बघितलं की बरं वाटतं. एवढंच एक बरं वाटतं हल्ली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कारखान्यातून सुटल्यावर मुबीनच्या गॅरेजवर गेलो. म्हटलं, बाबा, माझ्या गाडीचं तोंड बंद कर. तो हसायलाच लागला. "मामा, आतल्या जाळ्या तुमीच काडायला लावल्या हुत्या की! आता परत बसवू म्हंता?"

खरं आहे. तीन-चार वर्षांपूर्वी गाडीचा दम गेल्यासारखा वाटायला लागला होता, नुसती फुसफुस. तेव्हा सायलेन्सरमध्ये आवाज कोंडणाऱ्या दोन जाळ्या असतात, त्या मीच काढून टाकायला लावल्या. मग कुठे बुलेट बुलेटसारखी वाजायला लागली. मुबीन त्यांना बफल म्हणतो. शुक्रवारी सकाळी गाडी सोडा, संध्याकाळी बसवून देतो म्हणाला.

१२ फेब्रुवारी

ढकलली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सुटलो एकदाचा!

दुपारी मुबीनचा मिस्ड कॉल दिसला. गाडी झाली हे सांगायला असणार. कारखान्यात यंत्रमागांच्या खडखडाटात फोन घेऊन उपयोग नाही, मी घेतही नाही. संध्याकाळी गेलो तर गॅरेज बंद, गाडी बाहेर उभी. सायलेन्सर खोलून पुसून परत चढवलेला लख्ख दिसत होता. किल्ली शेजारच्या पानटपरीवर ठेवलेली.

किक मारली. काय सांगू — गाडी नुसती कुजबुजत होती! मांडीला थरथर लागते म्हणून चालू आहे म्हणायचं. मुबीनच्या हाताला जवाब नाही. मला मात्र सात रस्ता चौकापासून घरापर्यंत कसंसंच झालं. रुबाबच गेला तिचा. म्हाताऱ्या कुत्र्यावर बसल्यासारखं वाटलं. पण ठीक आहे, नातीपुढे रुबाब कसला. आज कोपऱ्यावर बंद केली नाही, थेट दारात आणली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

डोकं फिरायची वेळ आली आहे. काल खुशीत आत गेलो तर अपेक्षा पोरीला खांद्यावर घेऊन उभी. "जाळी बसवणार होता ना आप्पा?"

"बसवली की!"

"मग हे काय?"

मला काही कळेना. पोर रडून लाल झालेली. लहान मुलं काय गाडीनेच रडतात? पोटात दुखलं असेल, ओलं केलं असेल. मी तसं म्हणालो तर अपेक्षा वळून पुटपुटत आत गेली. तिच्या आईने, मथुराने, स्वयंपाकघरातून नुसते ओठ हलवले — भांडू नका.

मथुरा कितीतरी वर्षं आमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला होती. तिथे आवाजात कुणाला काही ऐकू येत नाही, सगळे ओठांवर आणि हातांवर बोलतात. आम्ही दोघं घरातही तसंच बोलतो. नाहीतर मग ओरडून. हळू बोलायची पद्धतच नाही आमच्यात. अपेक्षाला लहानपणापासून त्याचा राग येतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आता गुरुबसप्पा. फाटकाशी थांबवलं आणि हात नाचवत म्हणाले, "घरात तान्हं पोर हाय, जरा लाज बाळगा की! पोलिसात अर्ज देऊ का?"

म्हटलं, गाडीला जाळी बसवली आहे. तर म्हणतात, "कसली जाळी? चाळणी बसवलीय व्हय?"

या लोकांचं असंच असतं. बुलेट दिसली की मनातल्या मनातच आवाज ऐकू येतो यांना! एकदा माणसाला बदनाम केलं की त्याने गाडी डोक्यावर उचलून आणली तरी तक्रार करतील. भांडायलाही अंगात त्राण राहिलेलं नाही. जेवलो आणि आडवा झालो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

कारखान्यातही तेच. सयाजीच्या मागावर टॉवेल फाटून निघत होता. सगळ्यांसमोर म्हणाला, "मामा, सकाळधरनं धोटा ठोकतोय की. तुमी दोनदा हितनं गेलाव."

गेलो असेन. एका शेडमध्ये इतके माग धडधडतात, त्यात सूत घेऊन इकडून तिकडे पळणारा एक धोटा पेटीवर ठोकतोय हे येता-जाता काय कळणार? मागाच्या लोखंडावर तळवा ठेवला आणि लगेच सापडलं. मी हल्ली सगळे माग हाताने बघतो. मिस्त्रीचा हात मुरला की असं होतं. मालक म्हणाले, "थकलाय तुम्ही, थोडी रजा घ्या." थकलो आहेच. पण रजा घेऊन बसू कुठं? घरात सगळे माझ्यावर टपलेले.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज बोलू नये ते बोललो.

दारात गाडी लावली. अपेक्षा बाहेर आली, डोळे सुजलेले. म्हणाली, "आप्पा, तुम्ही मला खोटं का सांगता? जाळी बसवली नाही तर नाही म्हणा. मी तुमची गाडी विकायला सांगितलेली नाही."

खोटं! आयुष्यात या पोरीशी खोटं बोललो नाही. तिच्या लेकरासाठी माझ्या हौसेचा गळा दाबला आणि वर मीच खोटा? तिथेच गाडी पुन्हा चालू केली. म्हटलं, ऐक, ऐक नीट! कुठं आहे आवाज? आतून पोर किंचाळली असणार, कारण मथुरा धावत आत गेली. अपेक्षाने दोन्ही हातांनी कान झाकले. मला ते नाटक वाटलं. म्हणालो, "सासरी जायचंय तर सरळ जा. माझ्या गाडीचं निमित्त कशाला?"

ती आत निघून गेली. मी गाडी बंद करून बसून राहिलो. मथुराने ताट वाढलं, ते तसंच राहिलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

जावई जेऊरहून जीप घेऊन आले. मथुराने घाईघाईत ओटी भरली. बाळंतविडा अजून आणलाच नव्हता, कुंची तेवढी होती. अपेक्षा पाया पडली पण वर बघितलं नाही. गुरुबसप्पांची बायकोसुद्धा दारात येऊन रडली. मी जीपचं दार लावून दिलं.

मथुरा दिवसभर माझ्याकडे पाठ करून काम करते आहे. पाठ केली की ती काय बोलते ते मला कळत नाही.

२६ फेब्रुवारी

गाडी दारापर्यंत चालू आणली. आता कोण उठणार आहे?

४ मार्च, मंगळवार

कामावरून आलो तर मुबीन दारात. रोजा होता, चहा नको म्हणाला. हातात कागदात गुंडाळलेल्या दोन नव्या जाळ्या. "मामा, माफ करा, लई उशीर झाला. पुन्यावरनं आता आल्या बगा. त्या दिवशी माप घेतलं आन् फोन केला हुता की, तुमी उचलला न्हाय."

मी विचारलं, मग आत्ता सायलेन्सरमध्ये काय आहे?

"काय न्हाय. रिकामा हाय, हुता तसा. आता कोपऱ्यावरनं तुमी येताना ऐकलं की मी!"

म्हणजे गाडी एक दिवसही शांत नव्हती. पोरगी खरं बोलत होती. मीच ऐकत नव्हतो — मला ऐकूच येत नव्हतं.

मथुराला सगळं सांगितलं. तिने अपेक्षाला व्हिडिओ कॉल लावून फोन माझ्यासमोर धरला. मी म्हणालो, चुकलं माझं, तू खोटी नव्हतीस. अपेक्षाने डोळे पुसले आणि फोन नातीकडे वळवला. नातीचं तोंड उघडं होतं, डोळे मिटलेले. मी मथुराला विचारलं, रडतीय का जांभई देतीय?

मथुराने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग ओठ हलवून सावकाश म्हणाली, "रडतीय. लई मोठ्यानं रडतीय."